‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याच्या पुढचं वाक्य : पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

पुण्यातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,
सविनय नमस्कार.

नारायण पेठेत मी गेली नऊ वर्षं अभ्यासिका चालवते. चाळीस टेबलं आहेत, मागच्या बाजूला एक संडास आहे. पहाटे साडेपाचला कुलूप काढते, रात्री अकराला लावते. बीड, लातूर, नांदेड, जालना, बुलढाणा इकडून आलेली मुलंमुली इथे बसून एमपीएससीचा अभ्यास करतात. नवीन मुलगा आला की तो खिडकीजवळचं नाहीतर पंख्याखालचं टेबल मागतो. वर्ष-दीड वर्ष गेलं की त्यांच्यातलेच काही जण एकेकटे येतात आणि हळू आवाजात विचारतात, “ताई, मागच्या दाराजवळचं टेबल रिकामं झालं तर मला द्याल का?” त्या टेबलावर उजेड कमी पडतो, वास येतो, माणसांची सारखी ये-जा असते. तरी त्याच्यासाठी नंबर लागलेले असतात.

मी कारण विचारत नाही, कारण मला ते माहीत आहे. २०११ पासून मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. तपासण्यांत काही दिसत नाही, पण पोट दुखत राहतं आणि शौचाच्या वेळा बिघडतात. मी कुठेही गेले तरी आधी संडास कुठे आहे ते बघते आणि मग बसायची जागा ठरवते.

हे पत्र लिहायला बसले ती एका मुलामुळे. पंचवीस वर्षांचा आहे, वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन विकून महिन्याला पैसे पाठवतात. तो दवाखान्यातून परत आला आणि माझ्या टेबलावर फाइल ठेवून उभा राहिला. दीड वर्षातली तिसरी सोनोग्राफी होती. रक्त, लघवी, शौच, थायरॉइड, सगळं तपासून झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका.” एवढं सांगून तो म्हणाला, “ताई, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं.” आणि रडायला लागला.

हेच वाक्य मी चौदा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं. शब्दसुद्धा हेच.

डॉक्टर, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे तुमचं वाक्य खरं आहे हे मी आधीच मान्य करते. तुम्ही आमचं भलं चिंतूनच ते म्हणता. बाहेर बाकावर तीस माणसं बसलेली असतात, त्यात एखादं तापाने फणफणलेलं लेकरू असतं, तेही मला दिसतं. पण त्या वाक्याला तुमच्या बाजूने जो अर्थ असतो तो टेबलाच्या या बाजूला पोचत नाही. तुम्हाला म्हणायचं असतं, “घाबरू नका, कॅन्सर नाही, आतड्याला जखम नाही.” आम्हाला ऐकू येतं, “तुम्हाला काही झालेलं नाही, तुम्ही उगाच करताय.” आणि घरी गेल्यावर सासू, नवरा, रूम-पार्टनर, सगळ्यांना आम्ही तेच सांगतो, कारण आमच्या हातात दुसरं नावच नसतं.

माझं थोडक्यात सांगते. तेव्हा मी हडपसरला एका कंपनीत हिशेबाचं काम करायचे आणि धायरीहून रोज दोन बसनी जायचे. २०११ च्या पावसाळ्यात एका लग्नातलं जेवण बाधलं. आठवडाभर जुलाब झाले, ताप आला, मग थांबलं. त्याच महिन्यात माझी आई अंथरुणाला खिळली. जुलाब गेले पण पोट काही पूर्वीचं झालं नाही. सकाळी चार-पाच वेळा जायचं, तरी पोट साफ झालं असं वाटायचंच नाही. बसस्टॉपवर उभी राहिले की मुरडा यायचा. धायरी फाट्यापासून स्वारगेटपर्यंत कोणत्या पेट्रोल पंपावर, कोणत्या हॉटेलात बाईमाणसाला आत जाऊ देतात हे मला तोंडपाठ झालं. मग नाश्ता सोडला. मग लग्नकार्यं सोडली. मग बसस्टॉप दिसला तरी छातीत धडधड सुरू व्हायची, पोटात काही नसतानासुद्धा.

पहिल्या दवाखान्यात जुनाट आव म्हणून मेट्रोनिडॅझोलचा कोर्स दिला. दोन वर्षांत असे पाच कोर्स झाले, एकदाही शौचाच्या तपासणीत अमिबा सापडलेला नसताना. दुसरीकडे कोलोनोस्कोपी झाली, ती नॉर्मल आली. तिसरीकडे सांगितलं, मन कशात तरी रमवा. चौथ्या वर्षी मी नोकरी सोडली. दुपारी पंख्याकडे बघत पडून राहायचे. एका रात्री मनात आलं की सकाळी उठलेच नाही तर बरं होईल, सगळ्यांचीच सुटका होईल. हे मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे मी पोटासाठी जात होते, त्यामुळे हे तिथे सांगायचं असतं हेच मला कळलं नाही. आणि तीन दवाखान्यांत, चार वर्षांत, मला कुणीही विचारलं नाही.

मला सावरलं तेही तुमच्यातल्याच एकाने. सिंहगड रस्त्यावरचा छोटा दवाखाना, नाव सांगत नाही. त्यांनी माझी फाइल शांतपणे पाहिली, मिटली, आणि प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून त्यावर चित्र काढलं. वर एक गोल, म्हणजे डोकं. खाली वेडीवाकडी नळी, म्हणजे आतडं. दोन्हींच्या मध्ये एक रेघ, आणि त्या रेघेवर पाच बाण. चार खालून वर जाणारे, एक वरून खाली येणारा. म्हणाले, “ही व्हेगस नर्व्ह. हिच्यातले पाचातले साधारण चार तंतू पोटाची खबर मेंदूला देतात, एक मेंदूचा निरोप पोटाला आणतो. तुमची ही लाइन नको इतकी जागी झाली आहे. आजार खरा आहे, त्याला नाव आहे, आणि यात जीव जात नाही.” मग त्यांनी विचारलं, “झोप कशी आहे? कशात मन लागतं का? जगणं नको असं वाटतं का?”

वीस मिनिटं लागली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. मी डॉक्टर नाही, आणि तुम्हाला शिकवण्याचा माझा हेतूही नाही. पण जे समजलं त्याने मला जी ताकद दिली ती तुमच्या प्रत्येक रुग्णाला मिळावी असं मला फार वाटतं, म्हणून थोडं लिहिते.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि आतड्याची हालचाल नि त्याला काय जाणवतं हे त्यावर बरंच अवलंबून असतं. १९७३ साली रिची नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला, तेव्हा निरोगी माणसाला जेवढ्या फुग्याने काही होत नव्हतं तेवढ्यानेच आयबीएसच्या रुग्णांना कळा येत होत्या. हे वाचलं त्या दिवशी मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या कळा सोनोग्राफीत दिसणार नव्हत्याच. आतड्याचा आकार नीट होता, त्याची जाणीव तीव्र झालेली होती.

राग आणि भीती पोटापर्यंत पोचते हे तर डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठराला पडलेलं भोक कधी बुजलं नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून वर्षानुवर्षं आत पाहिलं आणि १८३३ मध्ये लिहून ठेवलं की माणूस चिडला की जठराचं अस्तर आणि पचन दोन्ही बदलतं. आपल्याकडे चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक भयज आणि एक शोकज, म्हणजे भीतीने होणारा आणि दुःखाने होणारा. आणि मराठीत तर आपण रोजच हे बोलतो. पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, मुलासाठी आतडं तुटतं, गोष्ट पोटात ठेवतो. ज्या भाषेत हे सगळं इतकं सहज आहे, त्याच भाषेत आम्हाला “मनाचं आहे” हे वाक्य अपमानासारखं का लागतं, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, कारण त्या वाक्यानंतर डॉक्टर बोलायचे थांबतात. ‘पोटाचं आहे’ म्हटलं की औषध येतं, पथ्य येतं, पुढची तारीख येते. ‘मनाचं आहे’ म्हटलं की पुढचा पेशंट येतो.

आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे. ऑस्ट्रेलियात हजारभर लोकांना बारा वर्षांच्या अंतराने तपासलं गेलं, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला ज्यांना चिंता किंवा नैराश्य होतं त्यांच्यात पुढे आयबीएससारखे पोटाचे आजार जास्त निघाले. पण ज्यांचं मन सुरुवातीला ठीक होतं आणि पोट बिघडलेलं होतं, त्यांच्यातही बारा वर्षांनी चिंता आणि नैराश्य जास्त दिसलं. त्याच संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात तर ज्यांना दोन्ही त्रास होते अशा तिघांतल्या जवळजवळ दोघांत पोट आधी बिघडलेलं होतं आणि मन नंतर. माझंही तसंच झालं. मी जन्माची घाबरट नव्हते. रोज सकाळी आपल्याच पोटाची भीती बाळगून घराबाहेर पडायचं, असं तीन वर्षं केलं की कुणाचंही मन खचेल.

म्हणून तुम्ही विचारावं असं मी म्हणते, ठरवून टाकावं असं म्हणत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये जे आकडे आले त्यांत आयबीएसच्या दहा रुग्णांपैकी साधारण चौघांना चिंतेची लक्षणं होती आणि तिघांना नैराश्याची. म्हणजे बऱ्याच जणांना ती नसतातही. ज्याला नाहीत त्याच्या गळ्यात ‘टेन्शन’ बांधणं जितकं चुकीचं, तितकंच ज्याला आहेत त्याला इसबगोलाचा डबा देऊन घरी पाठवणं चुकीचं. दोन प्रश्न विचारल्याशिवाय हा फरक कळणार कसा?

आता आपल्या शहराचं एक. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, गुइलेन बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक सापडले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू निघाला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. आम्ही सगळे महिनोन्‌महिने पाणी उकळून पीत होतो. ज्यांचे हातपाय लुळे पडले त्यांच्याकडे शहराचं लक्ष गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. पण कॅम्पायलोबॅक्टरसारख्या जंतूंमुळे जुलाब झालेल्यांपैकी काहींचं पोट पुढे महिने, वर्षं दुखत राहतं हेही माहीत असलेलं आहे. साधारणपणे दहातल्या एकाला संसर्गानंतरचं आयबीएस होतं असं मानतात. कॅनडात वॉकर्टन नावाच्या गावात मे २००० मध्ये नळाचं पाणी दूषित होऊन साथ आली होती. तिथल्या लोकांची आठ वर्षं पाहणी झाली, आणि आठ वर्षांनंतरही बऱ्याच जणांना आयबीएस होतं. संसर्गाच्या वेळी माणूस आधीच चिंतेत किंवा दुःखात असेल तर हा धोका वाढतो. माझ्या बाबतीत लग्नातलं जेवण आणि आईचं आजारपण एकाच महिन्यात आलं होतं. चार वर्षं मी स्वतःला दोष देत होते की आपण मनाने कमकुवत आहोत.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांना त्या वर्षी फक्त आठवडाभर जुलाब झाले, बाकी काही नाही. पण अजूनही ते सकाळी चार वेळा जातात, आणि लिफ्टमध्ये कुणी तब्येत विचारली की विषय बदलतात. असे लोक तुमच्याकडे येतील तेव्हा कृपा करून विचारा, “त्या वेळी जुलाब झाले होते का? आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?”

पेठांमधल्या मुलांबद्दल जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर असतात. मेसचं तिखट जेवण, दिवसाला पाच-सहा अमृततुल्य चहा, रात्री दोनपर्यंत जागरण, एका खोलीत चौघं आणि त्या चौघांत एक संडास. पूर्व परीक्षा महिन्यावर आली की माझ्याकडे मागच्या टेबलाची मागणी वाढते. तारीख पुढे ढकलली की आणखी वाढते. यातली काही मुलं तुमच्याकडून पथ्याचा छापील कागद घेऊन येतात. हे खाऊ नका, ते खाऊ नका, वीस-पंचवीस पदार्थ. आणि मुलगा दोन महिने नुसता दहीभात खातो. वजन उतरतं. वजन उतरलं की त्याला खात्री पटते की आपल्याला मोठं काहीतरी झालंय, आणि तो रात्रभर मोबाइलवर लक्षणं शोधत बसतो.

कांदा, लसूण, गहू, छोले, राजमा यांतल्या काही शर्करा आयबीएसच्या पोटाला त्रास देतात हे खरं आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावरून जो आहार आखला तो अनेकांना लागू पडतो. पण तो चार-सहा आठवडे करून बघायचा असतो, आणि मग एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नेमकं काय बाधतं ते ओळखायचं असतं. कागदावर ‘किती दिवस’ हे लिहिलेलं नसतं. मला शेवटी फक्त कच्चा कांदा आणि छोले बाधतात असं निघालं. पोळी मी चार वर्षं उगाच सोडली होती.

औषधांचंही असंच. मला त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ॲमिट्रिप्टिलीन दिलं, रात्री झोपताना दहा मिलिग्रॅम. मी ते चार दिवसांनी बंद केलं. औषधाच्या दुकानातला मुलगा सहज म्हणून गेला होता की ही डिप्रेशनची गोळी आहे. मला वाटलं, शेवटी यांनीही आपल्याला वेडं ठरवलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी स्वतःची चूक मान्य केली, की हे मी आधीच सांगायला हवं होतं. म्हणाले, एवढ्या कमी डोसमध्ये ही गोळी पोटातून वर जाणारा दुखण्याचा निरोप मंद करते, तोंड कोरडं पडेल, सकाळी सुस्ती वाटेल, गुण यायला काही आठवडे लागतील. मग मी ती वर्षभर घेतली. २०२३ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ४६३ रुग्ण होते, सगळे तुमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरांकडचे, दहा ते तीस मिलिग्रॅम डोस आणि सहा महिने उपचार. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गोळीवाल्यांना स्पष्ट जास्त आराम पडला. म्हणजे हे काम फॅमिली डॉक्टरच्या खुर्चीत बसून होण्यासारखं आहे. फक्त गोळीबरोबर दोन वाक्यं द्यावी लागतात. ती नसली की गोळी कचऱ्यात जाते.

मानसोपचाराचा विषय काढलात की आमच्यापैकी निम्मे उठून जातील, ही तुमची भीती मला कळते. पुण्यात अजूनही लोक “मला काय येरवड्याला पाठवताय का?” असं विचारतात. मीही विचारलं होतं. माझ्या डॉक्टरांनी उत्तर दिलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे: “तुमचं पोट मीच बघणार आहे. महिन्याने माझ्याकडेच यायचं. त्या ताई तुमची ती वरून खाली येणारी लाइन बघतील.” हे ‘मीच बघणार आहे’ महत्त्वाचं होतं. मला दुसऱ्या दारात ढकलून हे दार बंद केलं जात नव्हतं.

त्या समुपदेशक ताईंकडे मी आठ महिने गेले. पोटाने श्वास घ्यायला शिकले. मुरडा आला की मनात जी साखळी सुरू व्हायची, आता बसमध्ये होणार, सगळे बघणार, मी मरेन त्या लाजेने, ती कागदावर लिहून तपासायला शिकले. मग बसचा अभ्यास. आधी दोन स्टॉप, उतरायचं, परत यायचं. मग चार. स्वारगेटपर्यंत पोचायला मला अकरा आठवडे लागले, आणि त्या दिवशी मी स्टँडवर उभी राहून आईच्या फोटोला नमस्कार केला. अशा बोलण्याच्या उपचारांना आयबीएसमध्ये पक्का आधार आहे. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्येच संमोहन-उपचाराचा चांगला परिणाम दाखवला होता. २०१९ मध्ये इंग्लंडमध्येच फोनवरून आणि वेबसाइटवरून दिलेल्या सीबीटीचाही, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचाही, चांगला उपयोग दिसला. आपल्याकडे हे सगळं मराठीतून, परवडेल अशा खर्चात सहज मिळतं असं नाही. पण मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्या वेटिंग रूममध्ये लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावा. तिथे लावलेला असला की तो ‘वेड्यांचा नंबर’ राहत नाही, दवाखान्याचाच एक भाग होतो. मी अभ्यासिकेत पाण्याच्या फिल्टरवर लावला आहे.

मी हेही सांगते की तपासण्या करूच नका असं माझं म्हणणं नाही. शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, पथ्याशिवाय वजन उतरत असेल, ताप, रक्त कमी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा त्रास पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला, तर जरूर सगळं बघा. आपल्या देशात आतड्याचा टीबी आहे, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आहे, ते सुटून चालणार नाही. पण यातलं काही नसेल तर आयबीएस ओळखायचे २०१६ चे रोम निकष तुम्हाला माहीतच आहेत. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, तिच्याबरोबर या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी (दुखणं शौचाशी जोडलेलं, शौचाच्या वेळा बदललेल्या, शौचाचं स्वरूप बदललेलं), आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. यात बसणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाला तिसरी सोनोग्राफी सांगितली की त्याला एकच निरोप जातो, डॉक्टरांनाही अजून खात्री नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच नाव सांगा. “तुम्हाला आयबीएस आहे” हे तीन शब्द ऐकून मला जी झोप लागली तशी त्याआधी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

आणि तो शेवटचा प्रश्न, जगणं नको वाटतं का, तो विचारताना संकोच करू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. ज्याच्या डोक्यात तो आधीच असतो त्याला पहिल्यांदा बोलायला जागा मिळते. मला मिळाली.

तुमच्यापैकी कुणाला एखाद्या रविवारी संध्याकाळी तासभर वेळ असेल तर आमच्या अभ्यासिकेत या. खुर्च्या मी मांडते. तोच कागद उलटा करून तेच चित्र मुलांना काढून दाखवा. मुलं प्रश्न विचारायला लाजतील म्हणून चिठ्ठ्यांचा डबा ठेवेन.

आणि तो मुलगा. मी त्याला मागच्या दाराजवळचं टेबल दिलं आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जा असं सांगितलं आहे. तुमच्यापैकीच कुणाच्या तरी दवाखान्यात तो येईल. हातात तीच जाड फाइल असेल. ती बघून झाली की मिटून बाजूला ठेवा, आणि त्याला विचारा, रात्री झोप लागते का.

आपली,
नारायण पेठेतली एक अभ्यासिकावाली, आणि तुमची चौदा वर्षांची रुग्ण